निबंधाची वही आणि बहुजनांचे शब्द

नागपुरातील कोणत्याही कला महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुटू लागले की एक तक्रार हटकून ऐकू येते. मुलांना लिहिता येत नाही, त्यांच्याजवळ शब्दच नाहीत. तक्रार करणारे सगळेच बेजबाबदार असतात असे नाही. त्यांतले कित्येक मनापासून शिकवतात, आणि कित्येक तर तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मोबदल्यात शिकवतात. तरीही या तक्रारीत एक गृहीत दडलेले आहे, आणि ते तपासून पाहणे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. शब्द नसणे हा विद्यार्थ्याचा दोष मानला की वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणि शासन हे चौघेही एकदमच आरोपमुक्त होतात.

उत्तरपत्रिकेत प्रत्यक्षात आढळते काय? ‘शोषण म्हणजे काय ते स्पष्ट करा’ या प्रश्नाला एकामागून एक उत्तरांत तीच व्याख्या, तेच तीन उपमुद्दे, तोच समारोप. क्वचित मूळ छपाईतली चूकसुद्धा जशीच्या तशी. हे उत्तर विद्यार्थ्याने लिहिलेले नसते. सीताबर्डीच्या दुकानातून आणलेल्या अपेक्षित प्रश्नसंचातून ते त्याच्या हातून केवळ वाहत आलेले असते. शाळेत दहा वर्षे ‘विज्ञान : शाप की वरदान’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ फळ्यावरून उतरवून घेतलेल्या मुलाला निबंध ही तयार मिळणारी वस्तू वाटली, तर नवल ते कसले? ग्रंथालयातील संदर्भग्रंथ बहुधा इंग्रजीत, परीक्षेतले प्रश्न बहुधा गेल्या वर्षीचेच, आणि वेळ तर नाहीच. कारण कला शाखेत येणारा हा विद्यार्थी पहाटे कळमन्याच्या बाजारात माल उतरवून किंवा रात्री हिंगण्याच्या कारखान्यात पाळी करून वर्गात येतो. विद्यार्थिनी कुही, मौदा, उमरेडहून एस. टी.ने येते आणि शेवटचा तास सुटण्याआधी तिला परतीची गाडी गाठावी लागते. अपेक्षित प्रश्नसंच ही त्यांची आळशी हौस नाही, तो त्यांचा नाइलाज आहे.

आता शब्दांविषयी. या मुलांजवळ शब्द नाहीत हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. वर्धा-यवतमाळकडच्या कापूस पिकविणाऱ्या घरातला मुलगा पऱ्हाटी, बोंड, सरकी आणि वेचणी यांतला एकेक बारकावा जाणतो. शेवटची वेचणी होऊन शेत रिकामे होते त्या वेळेला त्याच्या घरी उलंगवाडी म्हणतात. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातली मुलगी बांधी, पऱ्हे, रोवणी, बोडी आणि मामा तलाव हे शब्द घेऊन शहरात येते. गडचिरोलीचा विद्यार्थी तेंदूपत्त्याच्या पुडक्यांचा हिशेब तोंडी करतो, आणि त्याच्या घरात कदाचित माडिया किंवा गोंडी बोलली जाते, म्हणजे मराठी ही त्याने कमावलेली दुसरी भाषा असते. खुद्द नागपुरात विणकरांच्या वस्तीत ताणा, बाणा आणि धोटा अजून विस्मृतीत गेलेले नाहीत. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. पण बदली कामगार म्हणजे कोण, आणि फाटकापाशी उभे राहून नाव पुकारले न जाणे म्हणजे काय, हे त्या गिरणीतल्या आजोबांच्या नातवाला कोणी शिकवावे लागत नाही.

हे सारे शब्द वर्गाच्या उंबरठ्याबाहेर राहतात. अर्थशास्त्राच्या तासाला ‘राखीव श्रमसेना’ ही संकल्पना येते व विद्यार्थी ती पाठ करतो. हिचा ‘बदली’शी सख्खा संबंध आहे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि स्वतःहून विचारण्याचे धैर्य त्याच्यात उरलेले नसते. ‘हंगामी बेरोजगारी’ची व्याख्या लिहिताना त्याला उलंगवाडी आठवत नाही. आठवली तरी ती लिहिणे कमीपणाचे वाटते. तो ‘पाऊस येऊन राहिला’ असे बोलला की वर्ग हसतो, लिहिले की लाल शाईची रेघ पडते. वास्तविक हे रूप वऱ्हाड-नागपूरच्या लोकभाषेत चालू क्रिया दाखविण्याचे सर्वमान्य रूप आहे. परीक्षेत ‘पाऊस येत आहे’ असे लिहावे हे त्याला अवश्य सांगावे. पण घरी बोलतोस ते चुकीचे आहे असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही व्याकरणकाराने कोणत्याही प्राध्यापकाला दिलेला नाही. पहिल्या वर्षी असा दोनदा अपमान झालेला मुलगा पुढची दोन वर्षे तोंड उघडत नाही आणि मुकाट्याने प्रश्नसंचाकडे वळतो.

मराठी निबंधाचा इतिहास या बाबतीत काय सांगतो हे पाहण्यासारखे आहे. निबंध म्हटला की विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ आठवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सुरू झाली १८७४ साली. तिच्या एकोणीस वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापून आला. तो आजच्या कोणत्याही प्राध्यापकाने रचनेच्या दृष्टीने जरूर तपासावा. वेदांवर अधिकार जर एकाच वर्णाचा, तर आमचा धर्म कोणता, या तर्कशुद्ध प्रश्नाने ती प्रतिपक्षाची कोंडी करते. मग पेशवाईतील अत्याचारांचा पुरावा देते, उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या जातीतल्या बायांचे हाल सांगते आणि शेवटी आपल्याच बांधवांना शिकण्याचे आवाहन करते. प्रश्न, पुरावा, अनुभव, आवाहन हा क्रम तिला कोणत्या प्रश्नसंचात सापडला नव्हता. तिला जे म्हणायचे होते त्याची निकडच तशी होती, आणि लिहू देणारे गुरुजन तिला लाभले होते.

दुसरे उदाहरण तर विदर्भातलेच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. सत्यशोधक विचारांच्या वडिलांनी त्यांना घरी शिकविले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा त्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापला. त्याची भाषा माजघरातली, म्हणींनी खचलेली आणि धारदार आहे. आज त्याला स्त्रीमुक्तीच्या विचारातील आद्य ग्रंथांत स्थान आहे; पण स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा उजेडात आणीपर्यंत जवळजवळ शतकभर तो विस्मृतीत होता. त्या शतकात निबंध कसा असावा याचे पाठ देणाऱ्यांनी कोणता नमुना पुढे ठेवला आणि कोणता मागे टाकला, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

येथे मात्र एका मोहापासून सावध राहिले पाहिजे, कारण तो आपल्याच गोटात अधिक आढळतो. बोलीचे शब्द जिवंत, ग्रंथांतले शब्द निर्जीव आणि उच्चवर्णीय, म्हणून संस्कृतोद्भव परिभाषा टाकून द्यावी, असे काही मित्र मानतात. याचा परिणाम एवढाच होईल की संकल्पना त्यांच्याकडे राहतील व अनुभव आपल्याकडे. उलंगवाडीचा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याला ‘हंगामी बेरोजगारी’ हा शब्दही हवा. कारण पहिल्या शब्दाने तो आपल्या गावाचे वर्णन करू शकेल, तर दुसऱ्याने आपल्या गावाची गोष्ट आंध्रातल्या आणि बिहारमधल्या गावाशी जोडू शकेल. उलट, दुसरा शब्द ज्याला पाठ आहे आणि पहिला ठाऊक नाही, तो तज्ज्ञ होतो, पण शेतमजुराला उपयोगी पडत नाही.

परिभाषेचा प्रश्न नागपूरला नवा नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच नागपूर विद्यापीठाने मराठी व हिंदी या भाषांना महाविद्यालयीन शिक्षणाचे माध्यम करण्याचे पाऊल उचलले, तेव्हा इंग्रजीच्या अभिमान्यांनी त्याची थट्टा केली होती. त्याच काळात डॉ. रघुवीर यांनी याच शहरात बसून धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या जोडणीतून हजारो पारिभाषिक शब्द घडविले. त्यांतले पुष्कळ शब्द बोजड होते आणि ते वापराविना पडून राहिले. लोकांच्या तोंडी रुळलेल्या शब्दांबद्दल त्यांना असलेली अढी समर्थनीय नव्हती. परंतु त्यांची किल्ली खोटी नव्हती, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करावे. ती किल्ली विद्यार्थ्याच्या हाती दिली तर दहा मिनिटांत शब्दांचे एक घराणे उभे राहते. वाद हा शब्द प्रत्येकाला येतो. त्याच्या मागे सं, वि, अनु, प्रति, अप लावून पाहिले की संवाद, विवाद, अनुवाद, प्रतिवाद, अपवाद हे पाच शब्द समजून मिळतात, पाठ करावे लागत नाहीत. शासनावरून प्रशासन, अनुशासन, कुशासन. एका तासाला एक घराणे घेतले तरी वर्षाअखेर विद्यार्थी अनोळखी शब्दापुढे थबकणार नाही, तो त्याची फोड करू लागेल.

नागपुरातच महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होते. १९७० नंतरच्या वर्षांत त्याने इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र या विषयांवर पदवीच्या दर्जाची मराठी पुस्तके काढली. ती आज जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत पिवळी पडत आहेत आणि विद्यार्थ्यांच्या हाती मात्र अपेक्षित प्रश्नसंच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला व सोहळे झाले. त्या सोहळ्यांच्या खर्चातून प्रत्येक कला महाविद्यालयाच्या प्रत्येक वर्गखोलीत एक चांगला शब्दकोश टांगता आला असता.

नेमका शब्द ही काही साहित्यिकांची चैन नाही. मजुरी, वेतन, मोबदला आणि मानधन या चार शब्दांतला फरक निबंधाच्या तासाला शिकविण्याजोगा आहे, आणि तो कोशातून शिकविण्यापेक्षा अंगणवाडी सेविकांच्या लढ्यातून शिकवावा. वर्षानुवर्षे त्यांना जे मिळत आले ते वेतन नव्हे, मानधन आहे, असा शासनाचा पवित्रा राहिला; एका शब्दाच्या आडोशाने त्यांचे कामगारपणच नाकारले गेले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजेच ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निर्णय दिला, तेव्हा मानधन हेही त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच ठरते, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. ज्या वर्गात एखाद्या मुलीची आई सेविका आहे तेथे हा धडा घेतल्यास शब्दसंग्रह वाढवा असे वेगळे सांगावे लागणार नाही. हक्क आणि सवलत, समता आणि समरसता, न्याय आणि दया या जोड्याही अशाच उलगडून दाखविता येतील.

हे सगळे ठीक, पण शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात एकटा प्राध्यापक काय करणार, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येकाचा दोन पानी निबंध दहा मिनिटांत तपासायचा म्हटले तरी हजार मिनिटे, म्हणजे सोळा-सतरा तास होतात; आणि त्याचे असे तीन-चार वर्ग असतात. मग निबंध लिहवून घेणेच बंद होते. यातून वाट काढायची तर प्रथम निबंधाचे ओझे कमी करावे. आठवड्याला पूर्ण निबंध नको, सात-आठ वाक्यांचा एकच परिच्छेद पुरे. त्यात एक विधान, त्याचे एक कारण, एक उदाहरण, आणि आपल्याविरुद्ध कोणी काय म्हणेल त्याला एक उत्तर. शेजारी बसलेल्याने तो मोठ्याने वाचावा. जेथे वाचणारा अडखळतो तेथे वाक्य बिघडलेले असते, हे समजायला प्राध्यापक लागत नाही. प्राध्यापकाने दर आठवड्याला वीसच वह्या घ्याव्यात, पण त्या मनापासून पाहाव्यात, आणि एका वहीत एकाच प्रकारची चूक दाखवावी. सर्वांगावर लाल शाई सांडलेली वही मुलगा पुन्हा उघडत नाही. तो परिच्छेद दुसऱ्यांदा लिहून आणणे मात्र सक्तीचे असावे, कारण लिहिणे म्हणजे मुख्यतः पुन्हा लिहिणे, आणि आपल्या परीक्षापद्धतीत नेमक्या या गोष्टीला जागा नाही.

वहीचीही एक युक्ती आहे. डाव्या पानावर घरचा शब्द, उजव्या पानावर ग्रंथातला. उलंगवाडीसमोर हंगामी बेरोजगारी, बदलीसमोर राखीव श्रमसेना, मामा तलावासमोर सामूहिक संसाधन. दोन्ही पाने तंतोतंत जुळणार नाहीत. जेथे जुळणार नाहीत तेथेच निबंधाचा विषय सापडेल. मामा तलाव हे मालगुजारांच्या काळातले. मालगुजारी गेली तशी त्यांची मालकी शासनाकडे आली, आणि गाळ काढायचा कोणी हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा हे संसाधन सामूहिक म्हणावे काय? भंडाऱ्याची मुलगी यावर चार पाने लिहू शकेल, आणि ती कोणत्याही प्रश्नसंचात मिळणार नाहीत.

इटलीतील फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाच्या वस्तीवर लोरेंत्सो मिलानी या धर्मगुरूने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. सरकारी शाळांनी नापास करून घालविलेली मुले तेथे शिकत. १९६७ साली त्यांतल्या आठ मुलांनी मिळून आपल्या जुन्या शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तकच लिहिले, आणि गरिबांच्या मुलांना गाळून टाकणाऱ्या शिक्षणव्यवस्थेची त्यात आकडेवारीनिशी झडती घेतली. त्यांची लिहिण्याची रीत नागपुरातल्या कोणत्याही अभ्यासमंडळाला जमण्यासारखी आहे. प्रत्येकाने सुचेल तो विचार एकेका चिठ्ठीवर लिहायचा. साऱ्या चिठ्ठ्या मेजावर पसरायच्या, पुनरुक्ती काढायची, एका विषयाच्या चिठ्ठ्यांची एक चवड करायची. चवडींचा क्रम लावण्यासाठी भांडायचे. खरा विचार या भांडणात होतो. मग लिहायचे, अनावश्यक शब्द छाटायचे, आणि बाहेरच्या माणसाला वाचून दाखवून त्याला कळते का ते पाहायचे. ज्याचे शुद्धलेखन कच्चे त्याचीही चिठ्ठी मेजावर येते, ही या रीतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

युक्तिवाद शिकविण्यासाठी तर दूर जाण्याचेही कारण नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात केलेले मराठी भाषण छापील स्वरूपात सहज मिळते. या समारंभासाठी नागपूरच का निवडले, या लोकांच्या मनातल्या शंकेला ते आरंभीच हात घालतात, आपल्यावर लादलेला हेतू खोडून काढतात, आणि मग मूळ विषयाकडे वळतात. घरगुती दृष्टांत आणि तत्त्वज्ञानाची परिभाषा त्यात शेजारी-शेजारी बसली आहेत, एकमेकींना लाजत नाहीत. दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. मजुरीच्या पैशातून पुस्तक घेणारा असा वाचक मराठीच्या दुसऱ्या कोणत्या जत्रेत आढळतो? त्याच घरातला मुलगा वर्गात शब्दांचा दरिद्री ठरावा, ही विसंगती प्राध्यापक-कक्षात अजून कोणाला खटकू नये याचे आश्चर्य वाटते.

कार्यकर्त्यांनी या कामाला संस्कारवर्गातले किरकोळ काम समजू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर कागदपत्रांच्या जोडीला गावातील वडीलधाऱ्यांचे कथन हाही पुरावा ठरतो, मात्र ते लिहून काढलेले असावे लागते. म्हणजे आजोबांची आठवण नीट क्रम लावून, ठिकाणांच्या नावांनिशी आणि शंकेला जागा न ठेवता कागदावर उतरविणारा कोणीतरी गावात हवा. हाच तर निबंध. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी आरंभी मिळाला, त्याच्या मागे त्या गावाने वर्षानुवर्षे चालविलेला अभ्यासगट होता. जेथे असा अभ्यास झाला नाही तेथे दाव्याचे कागद दुसऱ्यांनी लिहिले, आणि काय लिहिले ते दावेदारांना दावा फेटाळला गेल्यावर कळले.

महाविद्यालये हे काम कधी हाती घेतील याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पक्षाच्या प्रत्येक शाखेच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी दहा-बारा विद्यार्थी बसू शकतात. लागणारे साहित्य असे : कागदाच्या चिठ्ठ्या, एक वर्तमानपत्र, एक मराठी शब्दकोश, आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, जे मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. पहिल्या शनिवारी विषय शोधण्यात वेळ घालवू नये. ज्याच्या-त्याच्या घरी शेवटची मजुरी केव्हा, किती आणि कोणत्या हिशेबाने मिळाली, एवढेच सात वाक्यांत लिहवून घ्यावे. विद्यापीठाच्या अधिसभेत आपले जे सदस्य आहेत त्यांनी ग्रंथनिर्मिती मंडळाच्या जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणाची मागणी येत्या बैठकीत मांडावी, आणि तिचा मसुदा या शनिवारच्या मुलांकडून लिहून घ्यावा.